काळी समुद्री काकडी व तांबडा पाइन : फरक स्पष्ट करा

"आई, त्यांना सांगा, जाताना पाण्याची मोटर बंद करायला विसरू नका."

"त्यात सांगायचं काय? हा काय, तुझ्यासमोरच तर बसलाय."

"तरी सांगा."

सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्रामागे लपलेल्या आपल्या मुलाकडे पाहिलं. "ऐकलंस ना?"

"ऐकलं. तिला सांग, मोटर मघाशीच बंद केली. झाडांत आयुष्य गेलेल्या माणसाला पाण्याची किंमत असते."

"मी या घरात आई आहे का पोस्टमन?" सासूबाई म्हणाल्या आणि चहाचा कप उचलून आपल्या खोलीत निघून गेल्या. निरोप न्यायला कोणी उरलं नाही, तेव्हा नवरा-बायको एकाच टेबलावर बसून भिंतीकडे बघत पाव खाऊ लागले.

हा अबोला एका खुर्चीवरून सुरू झाला होता. दोघंही एकाच शाळेत जीवशास्त्र शिकवत. ती प्राणी शिकवायची, तो वनस्पती. मुलांनी त्यांना प्राणीबाई आणि झाडसर अशी नावं ठेवली होती आणि ती इतकी चिकटली होती, की स्वतः हेडसरसुद्धा भर सभेत तीच वापरत, फक्त आधी थोडं खाकरून घेत. तर त्या शाळेत उपमुख्याध्यापकाची खुर्ची रिकामी झाली. खुर्ची फिरती, खोली स्वतंत्र, दाराबाहेर नावाची पाटी आणि तासिका निम्म्या. प्राणीबाईंनी गुपचूप अर्ज केला. झाडसरांनीही गुपचूप अर्ज केला. दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही, कारण दोघांनाही खात्री होती की दुसरा म्हणणार, "तुला कशाला हवं ते झेंगट?" शेवटी एके दिवशी शाळेच्या कारकुनाने जिन्यात दोघांना एकत्र गाठून मोठ्या प्रेमाने विचारलं, "सर, तुमचा अर्ज वर ठेवू का बाईंचा?" त्या जिन्यातून दोघं वेगवेगळी उतरली ती अजून वेगवेगळीच होती.

या खुर्चीबद्दल एक गोष्ट मात्र दोघांनीही विचारात घेतली नव्हती, आणि शहाण्या माणसांचं असंच होतं. ती वारंवार रिकामी व्हायची. पहिले उपमुख्याध्यापक सहलीची बस भलत्याच गावाला गेली तेव्हा गेले. दुसरे स्नेहसंमेलनाचं व्यासपीठ पाहुण्यांसकट खाली बसलं तेव्हा. तिसरे तर नुकतेच, गच्चीवरची टाकी फुटून ग्रंथालयात गुडघाभर पाणी झालं तेव्हा. प्रत्येक वेळी हेडसर नेमके बाहेरगावी निघाले, आणि प्रत्येक वेळी उपमुख्याध्यापकांनी "स्वेच्छेने" जबाबदारी स्वीकारली. हेडसरांच्या खोलीला दोन दारं होती. पुढचं दार व्हरांड्यात उघडायचं, मागचं सायकलींच्या शेडकडे. पुढच्या दाराला पडदा होता आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना कायम तेल घातलेलं असायचं.

आता दोन उमेदवार, तेही नवरा-बायको. हेडसरांनी जाहीर केलं, "माझ्याकडे पक्षपात नाही. सगळं निम्मं-निम्मं." न्याय करायची फार मेहनत नको असली की माणसं निम्मं-निम्मं करतात. सहामाही परीक्षेची जीवशास्त्राची प्रश्नपत्रिकासुद्धा त्यांनी दोघांत समसमान वाटून टाकली. प्रत्येक प्रश्नाचे निम्मे गुण प्राण्यांना, निम्मे वनस्पतींना.

एरवी ही प्रश्नपत्रिका घरच्या जेवणाच्या टेबलावर तयार व्हायची. तो वाचायचा, ती लिहायची, सासूबाई मधूनच "मुलांना जरा सोपं घाला" म्हणायच्या. या वेळी दोघांनी आपापली पानं वेगळी तयार केली आणि वेगवेगळ्या वेळी कारकुनाच्या टेबलावर ठेवली. कारकून ती जुळवत जुळवत पाचव्या प्रश्नापाशी अडला. तो हेडसरांकडे गेला.

"सर, फरक स्पष्ट करा हा प्रश्न चार गुणांचा. पण दोघांनी एकेक जोडी दिलीय. बाईंची काळी समुद्री काकडी व तारामासा. सरांची तांबडा पाइन व नेचे. आणि पानावर जागा एकाच जोडीची आहे."

हेडसर सहीची उजळणी करत होते. त्यांची सही मोठी होती आणि तिच्या शेपटीला सराव लागायचा. मान वर न करता ते म्हणाले, "निम्मं-निम्मं घ्या."

कारकून आज्ञाधारक होता. त्याने बाईंच्या जोडीतलं निम्मं घेतलं, सरांच्या जोडीतलं निम्मं घेतलं आणि टंकलं : 'काळी समुद्री काकडी व तांबडा पाइन यांतील फरक स्पष्ट करा.'

छपाईआधी कच्ची प्रत तपासणीला दोघांकडे गेली. प्राणीबाईंनी वाचलं, काळी समुद्री काकडी, बरोबर. पुढचं वाचलं तर त्यांचं वाचलं असं होईल, म्हणून त्यांनी वाचलं नाही. झाडसरांनी नजर सरळ 'व'च्या पलीकडे टाकली. तांबडा पाइन, बरोबर. दोघांनी सह्या केल्या. खाली हेडसरांनी त्या शेपटीवाल्या सहीने शिक्कामोर्तब केलं.

परीक्षेच्या दिवशी वर्गात आधी शांतता होती. मग पानं उलटल्याचा आवाज आला आणि त्यानंतर एक विचित्र शांतता पसरली. एका मुलीने हात वर केला. पहाऱ्यावर कवायतीचे सर होते.

"सर, हा पाचवा प्रश्न बरोबर आहे का?"

कवायतीच्या सरांनी प्रश्न वाचला. एक समुद्राच्या तळाशी असतं आणि एक डोंगरावर, एवढं त्यांनाही कळलं. पण कवायतीत वरून आलेल्या हुकमाला प्रश्न विचारायचा नसतो. "छापलंय ना? मग लिहा," ते म्हणाले. "फरक तर भरपूर दिसतोय. सोपा आहे उलट."

बातमी व्हरांड्यातून हेडसरांपर्यंत पोहोचली. कारकून धापा टाकत म्हणाला, "सर, प्रश्न रद्द करून सगळ्यांना गुण द्यायचे का?"

"रद्द?" हेडसर खुर्चीत ताठ झाले. "रद्द म्हणजे चूक झाली असं कबूल करायचं. खाली सही कुणाची आहे?"

"आपली, सर."

"मग चूक कशी असेल? हा मुद्दाम काढलेला प्रश्न आहे. मुलांना विचार करायला लावणारा. आदर्श उत्तर तयार करून घ्या आणि मधल्या सुट्टीत लावा फलकावर."

प्रत्येक पेपरनंतर आदर्श उत्तरं फलकावर लावायची या शाळेची जुनी पद्धत होती. पालक त्यांचे फोटो काढून नेत आणि रात्री मुलांच्या मानगुटीवर बसत. तेव्हा उत्तर लागणार हे ठरलं. आता ते लिहायचं कुणी? अर्थातच निम्मं-निम्मं.

प्रयोगशाळेतल्या लांब टेबलाच्या एका टोकाला प्राणीबाई बसल्या, दुसऱ्या टोकाला झाडसर. मध्ये कारकून, त्याच्यापुढे संगणक, आणि पडद्यावर दोन रकान्यांचा रिकामा तक्ता. कारकुनाला दोघांबद्दल आदर होता, आणि घरून निघतानाच त्याचं डोकं दुखत होतं.

"बाई, प्राण्यापासून सुरू करू का?"

"लिहा. काळी समुद्री काकडी. हिला मेंदू नसतो."

झाडसर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाईंना सांगा, उत्तराची सुरुवात अधिवासापासून करतात."

"सरांना सांगा, मला माहीत आहे. लिहा, अधिवास. समुद्राच्या तळाशी पडून असते. कोणी ढकलल्याशिवाय सहसा हलत नाही. रविवारी तर मुळीच नाही."

"रविवारी हे लिहू?" कारकुनाने विचारलं.

"ते राहू द्या."

"तांबडा पाइन," झाडसर म्हणाले. "अधिवास उंचावर. सगळ्यांकडे वरून बघतो."

"सरांना विचारा, झाड बघतं का?"

"बघतं म्हणावं. एकेकाची सवय असते."

कारकून टंकत राहिला. त्याला वाटलं, शास्त्र आहे, आपल्याला काय कळतंय. बाई पुढे सरसावल्या.

"आहार. समोर येईल ते गिळते. वाळू, गाळ, काहीही. त्यातलं चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं हे तिला कळत नाही, आणि केल्याचं कौतुकही नसतं. कौतुकाचं गाळा. कणा नसतो हे लिहा. ठळक अक्षरांत. थोरल्या माणसांसमोर तर तो अजिबात..."

"बाई?"

"नुसतं कणा नसतो एवढंच लिहा."

"पाइनची पानं," झाडसरांचा आवाज चढला. "सुईसारखी. बाराही महिने टोचतात. इतर झाडांची पानं निदान गळतात तरी, माणसाला चार दिवस मोकळा श्वास मिळतो. इथे ती सोय नाही. वाकणं ठाऊक नाही. एकदा उभा राहिला की जागचा हलत नाही, मग समोरचा कितीही विनवण्या करो. आणि याच्या सावलीत दुसरं काही उगवत नाही. गवताचं पातंसुद्धा नाही. माणसाला वाटतं आपणही थोडं वाढावं, एखादी खुर्ची..."

"खुर्ची लिहू, सर?"

"नको. राळ लिहा. एवढंसं खरचटलं तरी घळाघळा राळ गाळतो आणि ती वर्षानुवर्षं चिकटून राहते. लग्नातली जखम अजून..."

"सर, झाडाचं लग्न..."

"वर्षानुवर्षं, एवढंच लिहा."

प्राणीबाई उभ्या राहिल्या. एवढा वेळ राखून ठेवलेला मुद्दा त्यांनी आता बाहेर काढला. "स्वसंरक्षण. हे नीट लिहा. संकट आलं, की समुद्री काकडी आपली आतडी बाहेर टाकते. शत्रू त्या आतड्यांत गुंततो आणि ही हळूच निसटते. मग पोटात नवी आतडी वाढतात आणि ही पुन्हा तळाशी पडून राहते, जसं काही घडलंच नाही." त्या थांबल्या आणि कारकुनाकडे बघून, पण झाडसरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या वरच्या मजल्यावरचे भांडायला आले की हे म्हाताऱ्या आईला दारात उभं करतात आणि स्वतः कुंड्यांना पाणी घालायला गच्चीवर जातात. ती आतडी. कळलं? हे लिहायचं नाही."

झाडसर पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. त्यांना ते लागलं होतं, कारण ते खरं होतं.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. कारकुनाने तक्ता छापला. हेडसरांनी वरची ओळ वाचली, 'आदर्श उत्तर', आणि खाली सही केली. शेपूट आज विशेष छान जमली होती. कागद काचेच्या फलकात गेला.

सुरुवातीला तिथे चार मुलं होती, मग चाळीस, मग शिक्षकही आले. कवायतीच्या सरांचा आवाज मैदानासाठी बनलेला होता. त्यांनी तो बारीक करायचा प्रयत्न केला, पण सवय नव्हती.

"तळाशी पडून असते. कोणी ढकलल्याशिवाय हलत नाही. मेंदू नसतो. कणा नसतो. समोर येईल ते गिळते." ते थांबले. पुढची ओळ त्यांनी सावकाश वाचली. "संकट आलं की आपली आतडी बाहेर टाकते. शत्रू त्यांत गुंततो आणि ही हळूच निसटते. मग नवी आतडी वाढतात..."

कोणीतरी फिस्सकन हसलं. गणिताच्या बाईंनी तोंडावर पदर धरला. सगळ्यांची तोंडं हळूहळू एकाच दिशेला वळली. तिकडे व्हरांड्याच्या टोकाला पडदा लावलेलं एक दार होतं.

"सहलीची बस," एकजण पुटपुटला.

"व्यासपीठ," दुसरा म्हणाला.

"पाण्याची टाकी," कवायतीचे सर म्हणाले, आणि ते मात्र सगळ्या शाळेला ऐकू गेलं.

पालकांचे फोन तयारच होते. फोटो गेला, फोटोखाली हसणारे चेहरे गेले, आणि त्यांच्यामागोमाग रागावलेली माणसंही निघाली. ज्यांच्या मुलांनी तो प्रश्न सोडून दिला होता, ते आधी हसले आणि मग चार गुण आठवून भडकले.

हेडसरांच्या टेबलावर फलकातून काढून आणलेला तो कागद होता. हेडसरांचा चेहरा कागदापेक्षा पांढरा आणि कान लाल होते.

"मी तळाशी पडून असतो?" त्यांनी विचारलं.

झाडसरांसोबत समोर उभ्या असलेल्या प्राणीबाईंना आधी काही कळलंच नाही. "कोण, सर?"

"मला कणा नाही? मी समोर येईल ते गिळतो? सगळी शाळा हसतेय माझ्यावर! आणि ही मागच्या बाजूने श्वास घेते, हे काय आहे?"

"ते शास्त्र आहे, सर."

"शास्त्र! माझ्याच सहीने माझीच बदनामी! दोघांची चौकशी लावतो. खुर्ची विसरा, आहे ती नोकरी सांभाळा."

प्राणीबाईंच्या पायांखालची जमीन सरकली. दोघांचा पगार याच शाळेतून येत होता, घर त्यावर चालत होतं, सासूबाईंची औषधं त्यावर चालत होती. आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि खरं सांगायचं म्हणजे घरातलं भांडण या टेबलावर पसरायचं. 

"सर, ते तुमच्याबद्दल नव्हतं. शपथेवर सांगते. ती काकडी म्हणजे आमचे हे आहेत."

हेडसरांनी झाडसरांकडे पाहिलं. झाडसरांनी बायकोकडे पाहिलं. अबोला सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं होतं. ती घाबरली होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिला घाबरलेली त्यांनी फार थोड्या वेळा पाहिली होती. त्यांना वाईट वाटलं.

"खरं आहे, सर," ते म्हणाले. "काळी समुद्री काकडी मीच."

"पुरावा?" हेडसरांनी कागद डोळ्यांसमोर धरला. "कणा नाही म्हणता?"

"नाही, सर. आईला विचारा."

"समोर येईल ते गिळता?"

"गिळतो, सर. काय आहे, कुठून आलं, विचारत नाही."

"मेंदू?"

झाडसर क्षणभर घुटमळले. एम.एस्सी.ला ते पहिल्या वर्गात आले होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणावा तसा वापर नाही, सर."

"तळाशी पडून राहायला आवडतं? वर यायची घाई नाही?"

"ढकललं तरच हलतो, सर."

हेडसरांच्या कानांची लाली उतरली. चेहऱ्यावर आता राग नव्हता. दुकानात शर्ट अंगाला लावून बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखे ते झाडसरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत होते.

"आणि पाइन कोण? बाई, तुम्ही?"

"हो, सर," प्राणीबाई म्हणाल्या. "टोचते. वाकत नाही. एकदा उभी राहिले की हलत नाही."

"अरेरे," हेडसर म्हणाले. "अशा झाडाला खोली लहान पडते, बाई." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि उठून झाडसरांचा हात हातात घेतला. "मेंदू नाही, कणा नाही, द्याल ते गिळणार आणि वर यायची घाई नाही. मी इतकी वर्षं असाच माणूस शोधतोय. अभिनंदन, उपमुख्याध्यापक!"

झाडसरांना आनंद झाला का, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. प्राणीबाईंना मात्र काय झालं ते अगदी स्पष्ट होतं. नवऱ्याची अब्रू काढायला म्हणून त्यांनी जे एकेक वाक्य घासूनपुसून लिहिलं होतं, तेच त्याचं शिफारसपत्र ठरलं होतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते रागाने भरले होते.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. कारकून पडदा सारून आत आला. "सर, पालक आलेत. पन्नासएक तरी असतील. असला प्रश्न काढलाच कोणी म्हणून विचारताहेत. कवायतीचे सर फाटकाशी उभे आहेत, पण ते म्हणतात, आता शिट्टी वाजवून काही उपयोग नाही."

हेडसर एकदम कामाला लागले. त्यांनी पिशवी उचलली, चष्म्याचं घर खिशात टाकलं, स्कूटरची किल्ली शोधली. एवढी चपळाई त्यांच्या अंगात आहे हे बघणाऱ्याला खरं वाटलं नसतं.

"उपमुख्याध्यापक, ही तुमची पहिली जबाबदारी. प्रश्नपत्रिका तुमच्या विभागाची, तेव्हा तुम्हीच समजावून सांगा. फार तापले तर जबाबदारी घेऊन टाका, स्वेच्छेने. मला अचानक शिक्षण खात्यात जावं लागतंय."

मागचं दार आवाज न करता उघडलं आणि आवाज न करता मिटलं.

खोलीत दोघंच राहिली. मधे निरोप न्यायला कारकूनसुद्धा नव्हता. तो केव्हाच पडद्याबाहेर सटकला होता, आणि निघण्याआधी हेडसरांनी त्याच्यामागे कडी घातली होती. पुढच्या दारावर थाप पडली, मग दुसरी.

"अहो," प्राणीबाई म्हणाल्या.

झाडसर दचकले. या शब्दाची त्यांना सवय राहिली नव्हती.

"उत्तरात आपली चूक झाली."

"कुठल्या मुद्द्यात?"

"तुम्ही काकडी नव्हे." त्यांनी मागच्या दाराकडे बोट दाखवलं. "काकडी ती गेली. शाळा हसत होती ते बरोबरच होतं. तुम्ही आतडी आहात. चौथी."

झाडसरांनी मागच्या दाराकडे पाहिलं, मग पुढच्या दाराकडे. बस, व्यासपीठ, टाकी. फिरत्या खुर्चीचं स्वप्न बघताना जे दिसलं नव्हतं ते सगळं आता एका ओळीत उभं राहिलं. ते हेडसरांच्या टेबलासमोरच्या बाकड्यावर मटकन बसले.

"तुला मिळाली असती तर तुलाच टाकलं असतं त्याने."

"मला टाकून बघायचं होतं. घशात अडकले असते."

आणि मग, काहीही कारण नसताना, दोघंही हसली. बाहेर "उघडा, उघडा" चाललं होतं. झाडसर उठले, शर्ट नीट केला, हाताने केस बसवले.

"तू मागच्या दाराने जा," ते म्हणाले. "घरी जाऊन आईला सांग की..."

"आता आईला पुढे करायचं नाही हं. काय सांगायचं ते स्वतः घरी येऊन सांगा."

"बरं. पण तू इथे थांबू नकोस. खुर्ची माझी, बोलणी मी खाईन."

"तुम्हीच लिहिलंत ना," प्राणीबाई म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, "एकदा उभा राहिला की जागचा हलत नाही म्हणून?"

"ते मी वाईट अर्थाने लिहिलं होतं गं."

"माहीत आहे मला. त्याचं नंतर बघते. कडी काढा."

झाडसरांनी कडी काढली. पडद्यापलीकडे माणसंच माणसं होती. सगळ्यांच्या हातांत फोन होते आणि फोनांवर तोच दोन रकान्यांचा तक्ता होता. सगळ्यांत पुढच्या बाईंनी तो झाडसरांच्या नाकासमोर नाचवला.

"हा असला प्रश्न काढला कोणी?"

मागे सायकलींच्या शेडमध्ये स्कूटर सुरू झाली आणि तिचा आवाज हळूहळू लांब गेला.

"निम्मा मी," झाडसर म्हणाले.

"आणि निम्मा मी," प्राणीबाई म्हणाल्या.